‘मेक’ अर्ध्यावर थांबते तेव्हा: सोर्स कोडवरून सॉफ्टवेअर बांधताना वारंवार येणाऱ्या अडचणीचे निवारण

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाच्या ग्रंथालयात दर रविवारी सकाळी संगणक शिकणाऱ्या मुलामुलींची बैठक भरते. तिथे येणारी यंत्रे बहुतेक जुनी असतात; गणपतीला किंवा शिमग्याला गावी आलेल्या चाकरमान्यांनी भाच्या-पुतण्यांसाठी मागे ठेवलेले, चार जीबी मेमरीचे लॅपटॉप त्यांत सर्वांत जास्त. त्यांवर उबुंटू किंवा डेबियन ही लिनक्सची वितरणे बसवली जातात, आणि काही आठवड्यांतच कोणाला तरी एखाद्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती हवी असते, ती तयार स्वरूपात मिळत नाही, म्हणून सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ लिखित मजकूर) उतरवून स्वतः कम्पाइल करण्याची, म्हणजे त्यापासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्याची वेळ येते. ‘काका, कम्पाइल मध्येच थांबतंय’ ही तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे की तपासण्यांचा क्रम आता लिहून ठेवणे योग्य वाटते. आज्ञा आणि पडद्यावर दिसणारे संदेश मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकायच्या आहेत.

लक्षणे

अडचण कोणत्या टप्प्यावर आली हे ओळखले की निम्मे काम होते. पहिला टप्पा म्हणजे उतरवलेली संकुचित फाइल उलगडणे. तिथे ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल’ किंवा ‘कॅनॉट क्रिएट सिमलिंक’ असे संदेश येतात. दुसरा टप्पा ‘./कॉन्फिगर’ किंवा ‘सीमेक’चा, म्हणजे लागणाऱ्या गोष्टी यंत्रावर आहेत का हे तपासून बांधणीची तयारी करण्याचा; तिथे ‘परमिशन डिनाइड’, ‘नो पॅकेज फाउंड’ किंवा ‘सी कम्पायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स’ असे दिसते. तिसरा टप्पा प्रत्यक्ष ‘मेक’चा, म्हणजे कम्पायलर चालवून सॉफ्टवेअर बांधण्याचा, आणि बहुतेक तक्रारी इथल्याच: ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणून एखाद्या हेडर फाइलवर (फंक्शनांची नावे जाहीर करणारी फाइल) अडणे, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू’ म्हणून अगदी शेवटच्या जोडणीत (कम्पाइल झालेले तुकडे एकत्र जोडण्याच्या पायरीत) अडणे, नुसतेच ‘किल्ड’ असे येऊन सगळे बंद पडणे, ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ अशी सूचना येणे, किंवा कालपर्यंत व्यवस्थित चाललेले काम आज ‘फाइल ट्रंकेटेड’ म्हणून नाकारले जाणे. चौथा टप्पा सगळे सुरळीत पार पडल्यानंतरचा: ‘मेक इन्स्टॉल’ होते, पण प्रोग्रॅम सुरू करताच ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ येते, किंवा जुनीच आवृत्ती सुरू होते.

या यादीतील फार थोड्या लक्षणांचे मूळ सोर्स कोडमध्ये असते. नवशिका मात्र ‘कोड खराब आहे’ किंवा ‘मला जमत नाही’ यांपैकी एका निष्कर्षावर लगेच येतो, कोणी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा बसवतो, आणि तरीही अडचण तशीच राहते. म्हणून पुढील तपासण्या विनाखर्चाच्या आणि सोप्या गोष्टींपासून सुरू होतात, आणि यंत्र उघडण्याची वेळ सर्वांत शेवटी येते.

पहिली चूक वाचा, शेवटची नाही

‘मेक’ थांबले की सर्वांत खाली ‘मेक: *** एरर १’ किंवा ‘एरर २’ अशी ओळ उरते, आणि विद्यार्थी तिचाच फोटो काढून पाठवतात. ती ओळ म्हणजे काम थांबल्याची केवळ वर्दी असते. काम का थांबले हे तिच्या वर कुठेतरी लिहिलेले असते. एकाच वेळी अनेक फाइल्स कम्पाइल करण्यास सांगितले असेल, तर एका फाइलमध्ये चूक झाल्यानंतरही बाकीच्या फाइल्सचे संदेश उमटत राहतात, त्यामुळे खरे कारण शे-दोनशे ओळी वर सरकलेले असू शकते. शिवाय एक हेडर फाइल सापडली नाही की तिच्यातली नावे अनोळखी ठरून पुढे पन्नास खोट्या चुका निघतात, आणि त्या पन्नास चुकांमागे लागणे म्हणजे सकाळ वाया घालवणे.

उपाय असा की ‘मेक -जे१ २>&१ | टी बांधणी.लॉग’ अशी आज्ञा देऊन काम एका वेळी एकाच फाइलचे करावे आणि सगळे संदेश एका फाइलमध्ये साठवावेत. मग त्या फाइलमध्ये ‘एरर’ आणि त्यापुढे अपूर्णविराम ही खूण पहिल्यांदा कुठे येते ते शोधावे. त्या ओळीत फाइलचे नाव, ओळ क्रमांक आणि कारण, तिन्ही असतात. ‘कॉन्फिगर’च्या टप्प्यावर अडचण आली असेल तर त्याच फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग.लॉग’ नावाची फाइल तयार झालेली असते. तिचा शेवट वाचून उपयोग नाही, कारण शेवटी केवळ चलांच्या याद्या असतात. पडद्यावर आलेले वाक्य त्या फाइलमध्ये शोधून त्याच्या लगेच वरच्या ओळी वाचाव्यात. तिथे ‘कॉन्फिगर’ने कोणता छोटा प्रयोग करून पाहिला आणि कम्पायलरने त्याला काय उत्तर दिले, हे शब्दशः नोंदलेले असते.

यानंतर एक प्रश्न स्वतःला विचारावा: कम्पाइल करणे खरोखर आवश्यक आहे का? ‘ॲप्ट सर्च’ आणि त्यापुढे सॉफ्टवेअरचे नाव दिल्यास तयार पॅकेज उपलब्ध आहे की नाही हे कळते. तयार आवृत्तीने काम भागत असेल तर तीच वापरावी. तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येतात. हाताने बांधलेल्या सॉफ्टवेअरची देखभाल आपल्यालाच करावी लागते. शिकण्यासाठी म्हणून बांधायचे असेल तर ते अवश्य करावे, पण मग घाई करू नये.

फाइल पूर्ण उतरली आहे का, आणि ती कुठे ठेवली आहे

आमच्याकडे वाडीत मोबाइलची रेंज नसली की मुले सड्यावर जाऊन फाइल उतरवतात, आणि वाऱ्यापावसात ती मध्येच तुटते. अर्धवट उतरलेली फाइल दिसायला पूर्ण फाइलसारखीच असते. म्हणून सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर दिलेला शा-२५६ बेरजेचा आकडा (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) आणि ‘शा२५६सम’ या आज्ञेने आपल्या यंत्रावर येणारा आकडा ताडून पाहावा. संपूर्ण आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. पहिली चार अक्षरे जुळली म्हणून समाधान मानू नये. फाइल तुटलेली निघाल्यास ‘डब्ल्यूगेट -सी’ वापरले तर उतरवणे जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू होते आणि डेटा वाचतो.

उतरवलेली फाइल पेनड्राइव्हवरून आणली असेल तर ती पेनड्राइव्हवर उलगडू नये. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट पद्धतीने आखलेले असतात. त्या पद्धतीत फाइल चालवण्याची परवानगी नोंदवता येत नाही आणि प्रतीकात्मक दुवेही (सिमलिंक) बनवता येत नाहीत. ‘./कॉन्फिगर’वर येणारे ‘परमिशन डिनाइड’ आणि ‘कॅनॉट क्रिएट सिमलिंक’ हे दोन्ही संदेश तिथूनच येतात. संकुचित फाइल आहे तशी आपल्या होम फोल्डरमध्ये आणावी आणि तिथे उलगडावी. त्या फोल्डरच्या नावात, किंवा त्याच्या वरच्या कोणत्याही फोल्डरच्या नावात, मोकळी जागा नसावी. ‘माझे काम’ अशा नावामुळे अडणारे बांधणीचे नियम मी अनेकदा पाहिले आहेत.

‘कॉन्फिगर’ नावाची फाइलच सापडत नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. ‘रीडमी’ आणि ‘इन्स्टॉल’ या दोन फाइल्स आधी वाचाव्यात. ‘सीमेकलिस्ट्स’ नावाची फाइल असेल तर सीमेक वापरायचे, ‘मेसॉन.बिल्ड’ असेल तर मेसॉन, आणि ‘ऑटोजेन.एसएच’ असेल तर ती चालवल्यावर ‘कॉन्फिगर’ तयार होते.

घड्याळ

ही तपासणी क्षुल्लक वाटते, पण जुन्या यंत्रांच्या बाबतीत मी ती कधीही वगळत नाही. ‘मेक’ हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिले, आणि त्याच्या कामाची मूळ कल्पना आजही तीच आहे: सोर्स फाइल शेवटची कधी बदलली आणि तिच्यापासून बनलेली फाइल कधी बनली, या दोन वेळांची तुलना करायची, आणि सोर्स नवा असेल तरच ती फाइल पुन्हा बनवायची. म्हणजे सगळा निर्णय वेळेवर अवलंबून असतो. संगणकाचे घड्याळ चालू ठेवणारा बटनाएवढा सेल संपला की यंत्र बंद करून सुरू केल्यावर तारीख अनेक वर्षे मागे जाते, सोर्स फाइल्स भविष्यातल्या वाटू लागतात, आणि ‘मेक’ तीच फाइल पुन्हा पुन्हा बनवते किंवा ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ म्हणून बांधणी अपुरी असू शकते असा इशारा देते.

एकाच संपलेल्या सेलमुळे तीन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारी येतात हे ध्यानात ठेवावे: ‘कॉन्फिगर’ सांगते की नव्याने बनलेली फाइल मूळ फाइलींपेक्षा जुनी आहे, ‘ॲप्ट अपडेट’ सांगते की यादी अजून वैध झालेली नाही, आणि ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळे उघडण्यास नकार देतो. या तिन्ही गोष्टी एकदम दिसल्या तर ‘डेट’ ही आज्ञा द्यावी आणि तारीख पाहावी. तारीख दुरुस्त करून, उलगडलेला फोल्डर काढून टाकून, नव्याने उलगडून काम सुरू करावे. डेस्कटॉप संगणकात बहुधा सीआर २०३२ हा सेल असतो. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो आणि स्वस्त असतो. लॅपटॉपमध्ये तो कधी कधी तारेने जोडलेला आणि आत खोलवर बसवलेला असतो. तो बदलण्याचे काम दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावे.

वीज गेल्यानंतरची अर्धवट फाइल

कोकणात मिरगापासून नवरात्रापर्यंत सर्वांत जास्त भेटणारा दोष हाच आहे, आणि बाहेरच्या मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. हर्णै बंदराकडचा एक मुलगा ‘ओपनसीपीएन’ हे समुद्री नकाशे दाखवणारे सॉफ्टवेअर बांधत होता. घरच्या होडीवर जुन्या लॅपटॉपचा उपयोग व्हावा अशी त्याची इच्छा होती. लॅपटॉपची बॅटरी कधीच निकामी झालेली, त्यामुळे यंत्र थेट विजेवर चालत असे. दुपारी पावसाची सर आली, माडाची झावळी तारेवर पडली आणि लाईट गेली. संध्याकाळी वीज आल्यावर त्याने पुन्हा ‘मेक’ दिले, बांधणी जिथे थांबली होती तिथून पुढे गेली, आणि पाऊण तासाने शेवटच्या जोडणीत ‘फाइल नॉट रेकग्नाइज्ड: फाइल ट्रंकेटेड’ असे म्हणून अडली. त्यानंतर त्याने तीन दिवस तीच आज्ञा दिली आणि तीनही दिवस तेच उत्तर मिळाले.

रविवारी त्याने लॅपटॉप आणला तेव्हा मी बांधणीच्या फोल्डरमध्ये ‘फाइंड . -नेम "*.ओ" -साइझ ०’ ही आज्ञा दिली. शेकडो ऑब्जेक्ट फाइल्समधून (एकेका सोर्स फाइलपासून बनलेले तुकडे) एकच नाव पडद्यावर आले. तिचा आकार शून्य बाइट होता, आणि तिची वेळ वीज गेली त्याच मिनिटाची होती.

असे का होते हे समजून घेण्यासारखे आहे. कम्पायलर फाइल लिहितो तेव्हा तिचे नाव डिस्कवर नोंदले जाते, पण तिच्यातला मजकूर काही सेकंद मेमरीतच थांबलेला असू शकतो. त्या क्षणी वीज गेली की नाव उरते आणि मजकूर जातो. तुम्ही स्वतः कंट्रोल-सी दाबून काम थांबवता तेव्हा ‘मेक’ अर्धवट फाइल स्वतःच काढून टाकते. वीज जाते तेव्हा तिला ती संधीच मिळत नाही. वीज आल्यावर ‘मेक’ फक्त वेळ पाहते, आकार पाहत नाही. फाइल आहे, ती सोर्सपेक्षा नवी आहे, म्हणजे काम झालेले आहे असे समजून ती पुढे जाते, आणि दोष थेट शेवटी, तोही भलत्याच ठिकाणी उघड होतो.

शून्य आकाराच्या फाइल्स काढून टाकून पुन्हा ‘मेक’ देणे हा झटपट उपाय आहे, आणि त्या मुलाचे काम त्याने झाले. मात्र अर्धी लिहिली गेलेली, आकार शून्य नसलेली फाइल या आज्ञेने सापडत नाही. म्हणून वीज गेल्यानंतरचा माझा नियम असा आहे: ‘मेक क्लीन’ देऊन सगळे पहिल्यापासून बांधावे. सीमेक वापरत असाल तर बांधणीचा वेगळा फोल्डर आधीपासूनच ठेवावा, म्हणजे तो संपूर्ण पुसून टाकता येतो आणि सोर्सला हात लागत नाही. बॅटरी गेलेल्या लॅपटॉपवर मोठे सॉफ्टवेअर बांधायचे असल्यास आकाश भरून आलेले असताना सुरुवातच करू नये. विजा चमकत असतील तर यंत्राचा प्लग भिंतीतून काढून ठेवावा.

जागा आणि मेमरी

‘डीएफ -एच’ ही आज्ञा दिली की डिस्कवर किती जागा उरली आहे ते कळते. मोठ्या सॉफ्टवेअरच्या बांधणीला सोर्सच्या कितीतरी पट जागा लागते. ‘/टीएमपी’ हा फोल्डरही पाहावा, कारण कम्पायलर आपल्या तात्पुरत्या फाइल्स तिथे लिहितो.

मेमरीचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण संदेशात मेमरी हा शब्दच येत नाही. ‘किल्ड’ आणि ‘सीसी१प्लस’ हे दोन शब्द एकत्र दिसले तर जवळजवळ खात्रीने मेमरी संपलेली असते: लिनक्सच्या गाभ्याने सगळे यंत्र गोठू नये म्हणून सर्वांत जास्त मेमरी खाणारा प्रोग्रॅम बंद केलेला असतो, आणि तो प्रोग्रॅम कम्पायलर असतो. ‘सुडो डीमेसेज’ (प्रशासकाच्या अधिकाराने गाभ्याचे संदेश दाखवणारी आज्ञा) हिच्या शेवटच्या ओळींत ‘आउट ऑफ मेमरी’ दिसल्यास शंका उरत नाही. पुष्कळदा याचे कारण ‘मेक -जे’ असे आकड्याशिवाय टंकणे हे असते. आकडा न दिल्यास ‘मेक’ एकाच वेळी हवी तेवढी कामे सुरू करते. सी++ मधील एकेका जड फाइलला एक जीबीहून अधिक मेमरी लागू शकते, म्हणून दोन जीबीमागे एक काम असा हिशेब मी ठेवतो. चार जीबीच्या यंत्रावर ‘-जे२’, आणि ब्राउझर बंद. तरीही अडत असेल तर ‘-जे१’ द्यावे आणि चार जीबीची स्वॅप फाइल (मेमरी अपुरी पडल्यास वापरली जाणारी डिस्कवरची जागा) जोडावी. काम संथ होईल, पण पूर्ण होईल.

कम्पायलर स्वतः ठीक आहे का

इथून पुढे काही उतरवावे लागते, म्हणून हा भाग आतापर्यंत मागे ठेवला. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’ ही आज्ञा दिली की सी आणि सी++ चे कम्पायलर, ‘मेक’ आणि मूलभूत हेडर फाइल्स एकत्र येतात. त्यानंतर लगेच मोठ्या सॉफ्टवेअरकडे वळू नये. ‘नमस्कार’ छापणारा पाच ओळींचा सी प्रोग्रॅम लिहून तो कम्पाइल करावा, आणि मग ग्नू प्रकल्पाचे ‘हॅलो’ हे छोटेसे सॉफ्टवेअर ‘./कॉन्फिगर’, ‘मेक’ या क्रमाने बांधावे. बांधणीची पद्धत दाखवण्यासाठीच ते तयार केलेले आहे. ‘हॅलो’ बांधले गेले म्हणजे तुमची साधने शाबूत आहेत, आणि अडचण तुम्ही निवडलेल्या सॉफ्टवेअरच्या गरजांत आहे, हे पक्के होते. ‘हॅलो’ही अडले तर मोठ्या सॉफ्टवेअरकडे पाहण्यात अर्थ नाही.

‘लायब्ररी तर आहे, मग सापडत का नाही?’

वीज आणि मेमरी सोडल्यास सर्वाधिक तक्रारी इथे येऊन थांबतात. ‘झेडलिब.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे येते, विद्यार्थी तपासतो तर झेडलिब ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) यंत्रावर आहेच, आणि तो गोंधळतो. उत्तर असे की डेबियन आणि उबुंटूमध्ये प्रत्येक लायब्ररीचे दोन भाग केलेले असतात. एक भाग तयार प्रोग्रॅम चालवण्यापुरता. तो सगळ्यांना लागतो म्हणून आपोआप येतो. दुसऱ्या भागात हेडर फाइल्स आणि जोडणीसाठी लागणारे दुवे असतात. तो फक्त कम्पाइल करणाऱ्याला लागतो, म्हणून वेगळा ठेवलेला असतो आणि त्याच्या नावाच्या शेवटी ‘-डेव्ह’ असते. झेडलिबसाठी ‘झेडलिब१जी-डेव्ह’, ओपनएसएसएलसाठी ‘लिबएसएसएल-डेव्ह’. फेडोरावर हेच प्रत्यय ‘-डेव्हल’ असे असते.

संदेश ‘नो पॅकेज फाउंड’ असा असला किंवा ‘कॅनॉट फाइंड -एल’ आणि पुढे नाव असा असला, तरी बहुतेक वेळा कारण हेच. कोणत्या पॅकेजमध्ये ती हेडर फाइल आहे हे डेबियनच्या संकेतस्थळावर फाइलच्या नावाने शोधता येते, आणि हे काम मोबाइलवरही होते. ‘ॲप्ट-फाइल’ हे साधन तेच काम यंत्रावर करते, पण त्याची यादी मोठी असल्याने मर्यादित डेटा असताना मी ते सुचवत नाही.

एकेक ‘-डेव्ह’ शोधत बसण्यापेक्षा एक चांगला मार्ग आहे, आणि तो फार कमी जणांना ठाऊक असतो. त्याच सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती तुमच्या वितरणात असेल तर ‘सुडो ॲप्ट बिल्ड-डेप’ आणि पुढे तिचे नाव दिल्यास ती बांधण्यासाठी लागणारी सगळी पॅकेजेस एकदम येतात. नव्या आवृत्तीच्या गरजा बहुधा त्याच असतात, एखाद-दुसरी वाढलेली असते. यासाठी सॉफ्टवेअरच्या स्रोतांच्या यादीत सोर्स कोडची नोंद सुरू असावी लागते. पॅकेजेस बसवल्यावर ‘कॉन्फिगर’ पुन्हा चालवणे विसरू नये. सीमेकच्या बाबतीत बांधणीचा फोल्डर रिकामा करून सुरुवात करणे सर्वांत सुरक्षित.

पॅकेज आहे पण आवृत्ती जुनी आहे असे उत्तर आले, तर त्या सॉफ्टवेअरची थोडी मागची आवृत्ती घ्यावी. सिस्टीमची मूळ लायब्ररी हाताने बदलू नये. विशेषतः ‘जीलिबसी’ला (सी भाषेची मूळ लायब्ररी) हात लावू नये: यंत्रावरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यावर उभा असतो, आणि ती बिघडली की ‘एलएस’सारखी साधी आज्ञाही चालत नाही.

जुना कोड, नवा कम्पायलर

कोड खरोखर अडतो अशी ही एक जागा. कम्पायलर दरवर्षी अधिक काटेकोर होत गेला आहे. २०२० साली आलेल्या जीसीसी (ग्नू प्रकल्पाचा कम्पायलर) १० पासून एकच जागतिक चल अनेक फाइल्समध्ये जाहीर केलेले चालत नाही आणि ‘मल्टिपल डेफिनिशन’ अशी चूक येते. २०२४ च्या जीसीसी १४ मध्ये पूर्वी केवळ ताकीद मिळणाऱ्या काही ढिलाया, उदाहरणार्थ जाहीर न केलेले फंक्शन वापरणे, सरळ चुका ठरल्या. आणि २०२५ च्या जीसीसी १५ मध्ये सी भाषेचे सी२३ हे मानक गृहीत धरले जाऊ लागले. म्हणून आधी त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे का ते पाहावे. नसेल तर ‘सीफ्लॅग्ज’मध्ये (कम्पायलरला द्यायच्या सूचनांत) अनुक्रमे ‘-एफकॉमन’, ‘-एफपर्मिसिव्ह’ किंवा ‘-एसटीडी=जीएनयू१७’ देऊन प्रयत्न करता येतो. मात्र ‘-एफपर्मिसिव्ह’ने दाबलेली चूक कधी कधी खरी असते आणि पुढे प्रोग्रॅम चालताना कोसळतो, त्यामुळे हा मार्ग शिकण्यापुरता ठीक, ज्याच्यावर कोणी विसंबणार आहे अशा कामासाठी नाही.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

इथे कारणे थोडी आहेत. ‘शेअर्ड लायब्ररीज’ची चूक आल्यास ‘सुडो एलडीकॉन्फिग’ द्यावे, कारण ‘/यूएसआर/लोकल/लिब’मध्ये नवी लायब्ररी आल्याची नोंद त्याशिवाय होत नाही. जुनीच आवृत्ती सुरू होत असेल तर ‘टाइप -ए’ आणि पुढे प्रोग्रॅमचे नाव देऊन कोणकोणत्या ठिकाणी तो बसला आहे ते पाहावे. ‘सुडो’ फक्त ‘मेक इन्स्टॉल’ला लावावे. ‘सुडो मेक’ केल्यास फोल्डरमधील फाइल्स प्रशासकाच्या मालकीच्या होतात आणि पुढच्या वेळी ‘परमिशन डिनाइड’ येते. नवशिक्यांनी ‘कॉन्फिगर’लाच ‘--प्रीफिक्स’ देऊन आपल्या होम फोल्डरमध्ये बसवावे, म्हणजे ‘सुडो’ची गरजच पडत नाही आणि काढून टाकणेही सोपे जाते.

कुठे थांबावे

वरील सर्व तपासण्या करूनही काम अडत असेल तर एक शेवटचा प्रयोग करावा. ‘मेक क्लीन’ देऊन ‘-जे१’ने तीच बांधणी तीन वेळा करावी आणि प्रत्येक वेळी पहिली चूक कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीवर आली ते वहीत लिहावे. तिन्ही वेळा एकच जागा आली तर दोष सॉफ्टवेअरमध्ये किंवा त्याच्या गरजांत आहे. जागा दर वेळी बदलत असेल, ‘इंटर्नल कम्पायलर एरर’ किंवा ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ कधी इथे तर कधी तिथे येत असेल, तर दोष यंत्रात असण्याची शक्यता फार मोठी आहे. कम्पाइल करणे हे मेमरी, प्रोसेसर आणि डिस्क या तिघांवर तासन्‌तास ताण देणारे काम असल्यामुळे एरवी लपून राहणारा दोष इथे उघडा पडतो. खाऱ्या, दमट हवेत मेमरीच्या पट्टीचे संपर्क गंजतात, पंख्यात धूळ आणि ओल मिळून थर बसतो आणि यंत्र तापते. ‘मेमटेस्ट८६+’ रात्रभर चालवून पाहावे; त्यात एकही लाल ओळ आली तर कम्पाइल करणे तिथेच थांबवावे आणि यंत्र दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावे. डेस्कटॉपचा वीजपुरवठ्याचा डबा स्वतः कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्यात विजेचा भार साठलेला असतो.

‘डीमेसेज’मध्ये डिस्कच्या नावापुढे ‘आय/ओ एरर’ दिसली तर वाट पाहण्यात अर्थ नाही. त्याच क्षणी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत, आणि मग यंत्र जाणकाराकडे द्यावे. यंत्र शाळेचे, दवाखान्याचे किंवा पतपेढीचे असेल तर पहिली तपासणी सोडून पुढची कोणतीही स्वतः करू नये. त्या यंत्राची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याला आधी विचारावे.

दोष एकाच जागी येत असेल आणि उलगडत नसेल तर त्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांना लिहावे. लिहिताना वितरणाचे नाव आणि आवृत्ती, ‘जीसीसी --व्हर्जन’चे उत्तर, सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, दिलेली आज्ञा अक्षरशः, आणि पहिल्या चुकीच्या आधीच्या दहा व नंतरच्या दहा ओळी मजकूर म्हणून द्याव्यात, फोटो म्हणून नाही. यंत्राची भाषा मराठी ठेवली असेल तर ‘एलसी_ऑल=सी मेक’ अशी आज्ञा देऊन तेच संदेश इंग्रजीत काढावेत आणि सोबत संपूर्ण ‘बांधणी.लॉग’ जोडावी.